एकीला अकरा जणांचा आधार

बायबलातल्या एलीमात पाण्याचे बारा झरे होते आणि खजुरीची सत्तर झाडं. आमच्या मुळशीच्या एलीमात एक बोअर आहे आणि तीन सुबाभळी. नाव देणाऱ्याने विश्वासाने दिलं असणार. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून आठ खोल्या, एक छोटं प्रार्थनामंदिर, मागे स्वयंपाकघर, आणि दारातल्या टेबलापाशी वही घेऊन मी. ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे लोक, इथे शिबिरांना येतात, मी त्यांची व्यवस्था बघतो. त्याआधी एकतीस वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. नटबोल्टची आवक-जावक लिहिता लिहिता माणसांचीही लिहायची खोड लागली. निवृत्तीनंतर नटबोल्ट सुटले, खोड राहिली.

नोव्हेंबरात बावधनच्या मंडळीचं पत्र आलं. शुक्रवार ते रविवार खोल्या हव्यात. कार्यक्रमाचं नाव होतं, ‘समुपदेशक सेवकांसाठी प्रार्थनापूर्वक आधार व पाळकीय काळजी’. त्या मंडळीचं एक समुपदेशन केंद्र आहे. लोक आपली दुःखं घेऊन तिथे येतात आणि दोन समुपदेशक ती ऐकून घेतात, उत्कर्षा रणपिसे आणि निषाद म्हणून एक तरुण. या दोघांना तीन दिवस विश्रांती द्यायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, असा बेत. बेतात खोट काढायला जागा नव्हती. त्यांचा पाळक, म्हणजे पास्टर, निरंजन चांगला माणूस आहे, हेही आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही.

निषादला शुक्रवारी दुपारी ताप आला. हुशार मुलगा.

उत्कर्षा बाकीच्यांच्या आधी, तीनच्या बसने एकटीच आली. वय चाळीसच्या आसपास, खांद्याला एकच बॅग, आणि चेहरा असा की दुकानदाराने फळी ओढून घेतली आहे पण गिऱ्हाईक अजून समोरून हलत नाही. मी खोली नंबर तीनची किल्ली दिली. ती गेली नाही, पायरीवर बसली.

“काका, बाकीचे कधी येणार?”

“पाचला निघतो म्हणालेत. म्हणजे साडेसात.”

“किती जण?”

“पास्टर धरून बारा.”

“मी त्यांच्याकडे एक तास मागितला होता,” ती म्हणाली.

“कुणाकडे?”

“पास्टरांकडे. दार लावून, एक तास. सप्टेंबरपासून मागतेय. त्यांनी शिबिर ठेवलं.”

मला हसू आलं. तिला आलं नाही, म्हणून मी माझं आवरलं आणि विचारलं, एवढं सांगायचंय तरी काय.

“एकच वाक्य आहे. त्यावर ते काय म्हणतात ते बघून मी हे काम पुढे करायचं की नाही ठरवणार. सोमवारी केंद्राला कळवायचंय.”

“मग फोनवर सांगून मोकळं व्हायचं.”

“फोनवर सांगितलं की ते म्हणणार, आपण यावर प्रार्थना करू. आणि रविवारी मंडळीत सांगणार, नाव न घेता. आपल्यातली एक भगिनी, जी लोकांना सल्ला देते, तिच्यासाठी. अशा भगिनी आमच्या मंडळीत किती आहेत, काका?”

एकच होती. आमच्या लोकांत चुगली करणं पाप समजतात, म्हणून चुगली कुणी करत नाही. प्रार्थनेचे विषय सांगतात. एखाद्याच्या घरचं बिनसलेलं बुधवारी कळलं, तर रविवारपर्यंत तीन मंडळ्या त्यासाठी गुडघे टेकतात, आणि ज्याचं बिनसलं त्याला रस्त्यातून चालणं कठीण होतं. उत्कर्षाला हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं. निरंजन पाळक समोर बसून शब्द देईल तर पाळील, एवढा तिचा भरवसा होता. पण त्यासाठी तो समोर बसायला हवा.

बरोबर साडेसातला मिनीबस आली. मी वहीत नोंद केली: आधार घेणारे, एक. आधार देणारे, अकरा. वर पाळक. त्यांनी कापडी फलक आणला होता, त्यावर ‘मोशेचे हात’ असं लिहिलेलं. तो सुबाभळींना बांधण्यात जेवणाला पाऊण तास उशीर झाला. बांधून झाल्यावर पास्टरांनी त्याचा अर्थ सांगितला. लढाईत मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकत होतं. हात थकले तेव्हा अहरोनाने एका बाजूने आणि हूराने दुसऱ्या बाजूने ते धरून ठेवले. आपण उत्कर्षाताईंचे हात धरायला आलो आहोत.

सगळ्यांनी माना हलवल्या. मी शेवटच्या खुर्चीवर होतो. मला म्हणायचं होतं की त्या दोघांनी आधी एक दगड आणून मोशेला खाली बसवलं होतं. आणि ते दोघेच होते. अकरा जण लोंबकळले असते तर मोशेचे खांदे उखडले असते. पण व्यवस्थापकाने उपदेशात भर घालू नये.

जेवायला बसल्यावर रेश्मा म्हणाली, “आज प्रार्थना ताईंनीच करावी.” रेश्मा म्हणजे महिला मंडळाची सचिव. प्रार्थनेच्या विषयांची वही तिच्याकडे असते, आणि ती वही उशाखाली घेऊन झोपत असली तर मला नवल वाटणार नाही.

उत्कर्षाने पाण्याचा पेला उचलला. “घसा बसलाय. तू कर.”

घसा बसला नव्हता. दहा मिनिटांपूर्वी ती स्वयंपाकघरात आमच्या स्वयंपाकीण लीलाबाईंशी चांगलं खणखणीत बोलत होती. स्टोअरमध्ये माल संपला की संपला असं कुणी लगेच सांगत नाही. आधी म्हणतात, किल्ली सापडत नाही. पास्टरांना सांगायचं ते वाक्य मला आमटी वाढता वाढता कळलं. या बाईची प्रार्थना आटली होती. डोळे मिटायची, पण आत काही हलत नव्हतं. आणि लोकांसाठी प्रार्थना करणं हे तर तिचं रोजचं काम.

शनिवारी सकाळी भिंतीवर तक्ता लागला. ‘सोबतीचा वेळ’. प्रत्येकाने चाळीस मिनिटं उत्कर्षाताईंबरोबर सुबाभळीखाली बसायचं, त्यांना धीर द्यायचा, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, तक्त्यावर खूण करायची. अकरा नावं, सात ते पाच, मध्ये नाश्ता, जेवण आणि चहा. तक्ता सुंदर होता. रंगीत खडूंनी काढलेला.

पण मी नावं वाचली आणि वही पुन्हा उघडली. मागच्या दोन वर्षांत या मंडळीची तीन शिबिरं इथे झाली होती, आणि कोण कुणाजवळ रडत बसलं होतं ते मी बघितलं होतं. अकरांपैकी सहा जणांना उत्कर्षाने कधी ना कधी सावरलं होतं. आणखी तिघांची नावं तिच्या यादीत लागलेली, हे त्यांनीच रात्री जेवताना एकमेकांना सांगितलं. समुपदेशिकेला आधार द्यायला कुणी पुढे येतं का, असं मंडळीत विचारल्यावर साहजिकच तिचे उपकार मानणारे पुढे आले. उपकार मानणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, नवी अडचण घेऊन येतो. बावधनला तिची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात. इथे थेट.

पहिली रेश्मा. मी जवळच खुर्च्या मांडत होतो. एरवी आठला मांडतो.

“ताई, कशा आहात? अगदी मनापासून सांगा.”

“मी जरा…”

“कारण मी अजिबात बरी नाहीये.”

मग अडतीस मिनिटं नणंद. नणंद चर्चच्या गायकवृंदात आहे आणि एकटीने गायची कडवी तिलाच मिळतात. उत्कर्षा ऐकत होती. ऐकताना तिची मान एका बाजूला किंचित कलते. तशी ती कलली आणि परत सरळ झाली नाही. शेवटी रेश्मा डोळे पुसून म्हणाली, “ताई, प्रार्थना तुम्हीच करा. तुमची लागते.”

“आज तू कर. आज माझ्यासाठी आहे ना?”

“माझी कुठे लागते, ताई. मी म्हणते आणि मधेच भाजी आठवते. तुम्हीच करा.”

तीनदा नाही म्हटल्यावर उत्कर्षाने हात जोडले आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हटली. आमच्यात सगळ्यांना पाठ असते ती प्रार्थना. पोरंसुद्धा झोपेत म्हणतात. रेश्मा आमेन म्हणून उठली, तक्त्यावर हिरवी खूण केली आणि मला म्हणाली, “काय ताकद आहे हो ताईंच्या शब्दांत.”

नंतर अमोल. हिंजवडीला कंपनीत असतो, मुद्दे मोबाइलमध्ये लिहून आणले होते.

“सात आहेत, ताई. आपण पाचच घेऊ.”

“अमोल, ही वेळ माझ्यासाठी आहे.”

“तुमच्यासाठीच. माझं एकदा मोकळं झालं ना, की मी तुमच्यासाठी अगदी एकाग्र प्रार्थना करीन.”

सातही झाले. एकाग्र प्रार्थनेला वेळ उरला नाही. मग एका बाई आल्या, त्यांना काहीच अडचण नव्हती, म्हणून त्यांनी त्यांच्या ऑपरेशनची हकिकत पहिल्यापासून सांगितली. एक गृहस्थ नुसतेच रडले. रडून झाल्यावर म्हणाले, तुम्ही काही बोलत नाही तेच बरं वाटतं. नाश्त्याच्या आधी तीन आणि नंतर दोन, असे अकरा वाजेपर्यंत पाच जण आधार देऊन गेले, आणि पाचही वेळा तीच पाठ असलेली प्रार्थना मी ऐकली. पाचव्या वेळी ‘आमची रोजची भाकर’वर ती अडली. समोरच्या बाईला वाटलं, भरून आलंय.

मला त्या सगळ्यांचा संताप आला. चहा घेऊन गेलो ते तिला दोन घटका शांतता मिळावी म्हणून, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. म्हटलं, पोरी, चहा घे, मी इथे उभा राहतो, कुणाला येऊ देत नाही. ती हसली. म्हणाली, “काका, तुम्ही फार चांगले आहात. तुमच्या धाकटीचं कसं चाललंय?”

विचारायला नको होतं तिने. माझी धाकटी मुलगी दीड वर्ष माझ्याशी बोललेली नाही. का, ते इथे सांगत नाही, कारण तिथे सांगितलं. चहावर साय धरली. तक्त्याप्रमाणे सहावा माणूस येऊन खाकरला तेव्हा मी भानावर आलो.

वहीत मी लिहिलं: बारावा, ज्ञानदेव, चहाचं निमित्त, सतरा मिनिटं. लिहिताना हाताला बरं वाटत नव्हतं, पण वहीत आपलं नाव वगळायचं नाही हा स्टोअरचा नियम आहे.

दुपारी चारला पाहतो तर चहाच्या सुट्टीत उत्कर्षाच्या शेजारी लीलाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. लीलाबाई गावातल्याच, आणि आमच्या प्रार्थनांशी त्यांचा संबंध भांडी घासण्यापुरता. मला वाटलं, चला, एक तरी माणूस हिला गप्प बसून सोबत करतंय.

“सून बोलत न्हाई बगा माज्याशी,” लीलाबाई म्हणत होत्या. “ल्योक शंभू बी तिच्याच बाजूनं. म्या आमच्या देवाला लई सांगितलं. त्यो आयकतोय, पर सून न्हाई आयकत. आता तुमच्या देवाला जरा सांगा की, ताई.”

त्या स्वयंपाकघरात परतल्यावर मी त्यांना गाठलं. “लीलाबाई, तुम्हीसुद्धा? ती बाई विश्रांतीला आलीय.”

“मंग तुमी सकाळी तितं काय भजन म्हनत व्हता व्हय?”

यावर मी तांदळाचं पोतं सरकवायला गेलो. ते जागेवरच होतं.

संध्याकाळी तक्त्यावर अकरा हिरव्या खुणा झाल्या. पास्टर त्याच्यासमोर उभे होते, कमरेवर हात. उत्कर्षा त्यांच्याजवळ गेली.

“बघ,” ते म्हणाले, “अकराच्या अकरा. एकही चुकला नाही. कसं वाटतंय?”

“पास्टर, माझा तास.”

“उद्या आठ ते नऊ. उपासनेच्या आधी. फक्त तू आणि मी, दार लावून. शब्द देतो.”

“नक्की ना? सोमवारी मला कळवायचंय.”

“अगं, शब्द दिला ना. आणि नऊला सगळे मिळून तुझ्या डोक्यावर हात ठेवून समारोपाची प्रार्थना करतील. कपाळाला लावायला रेश्माने तेल आणलंय.”

उत्कर्षाने डोक्यावरून पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं आणि खोलीकडे गेली. समोरच्या काठावरच्या रिसॉर्टमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची गाणी सुरू झाली होती. त्या आवाजातही ती झोपली असेल, कारण जेवायला तिला दोनदा हाका माराव्या लागल्या.

रविवारी आठला दोघं कचेरीत बसले. कचेरी म्हणजे मंदिराला लागून पत्र्याची खोली. ऐकायचं नाही म्हणून मी माझी खुर्ची खिडकीपासून हलवली, पण निरंजन पाळकाचा आवाज ध्वनिक्षेपक नसलेल्या गावांत घडलेला आहे. तिचा ऐकू येत नव्हता. त्याचा येत होता.

“बोल,” ते म्हणाले.

ती काहीतरी म्हणाली. ‘जुलैपासून’ एवढं मला कळलं.

“थांब. आधी एक सांगतो, म्हणजे तुला कळेल की मी हे समजू शकतो.”

मी डोळे मिटले. या एका वाक्याने मी आयुष्यात जितकी बोलणी बुडताना पाहिली, तितक्या होड्या या धरणात बुडालेल्या नाहीत.

पाळकाने सांगितलं. वर्षभरात एक दिवस सुट्टी नाही. अंत्यविधी असतात, लग्नं असतात, मंडळीतल्या दोन भावांची भांडणं असतात, दोघंही पुढच्या बाकावर बसतात. उपदेश लिहायला बसलं की कागद तसाच राहतो. बायको म्हणते, तुम्ही घरी असता तेव्हासुद्धा चर्चमध्येच असता. आणि हे सांगायचं कुणाला. पाळकाचा पाळक कोण. खोटं नव्हतं त्यात काही. एखादा माणूस खरंच बुडत असला तरी दुसऱ्याच्या होडीत चढताना ती उलटते, ती उलटतेच.

मग मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “कधीपासून होतंय असं, पास्टर?”

मऊ, संथ, मान कलती करून काढलेला. याच आवाजासाठी बावधनला लोक तीन आठवडे थांबतात.

मी उठलो. हातात चहा नव्हता, किल्ली नव्हती, कुठलंही निमित्त नव्हतं. दार ढकललं.

“ज्ञानदेवकाका, आमचं बोलणं चाललंय,” पास्टर डोळे टिपत म्हणाले.

“चाललंय ते तुमचं. तास हिचा आहे.”

“काका, असू दे,” उत्कर्षा म्हणाली.

“मी किती वेळ बोललो?” पास्टरांनी तिला विचारलं.

“काही हरकत नाही, पास्टर.”

“सव्वीस मिनिटं,” मी म्हणालो. “आणि हरकत आहे.”

त्यांचा चेहरा आधी रागाने लाल झाला. मंडळीचा पाळक, आणि मी किल्ल्या देणारा माणूस. मला वाटलं, आता पुढच्या महिन्यापासून एलीमाला नवा व्यवस्थापक शोधतील. पण बोलली ती उत्कर्षा.

“हो,” ती म्हणाली. “हरकत आहे.”

आणि मी दारात उभा असतानाच तिने सांगून टाकलं. मी बाहेर जाईपर्यंत थांबली असती तर धीर गेला असता, असं मला वाटतं.

“जुलैपासून मला प्रार्थना करता येत नाही. लोकांसमोर बसते, डोळे मिटते, आणि पलीकडे कुणी नसतं. काल अकरा वेळा पाठ असलेली म्हटली. लोक म्हणतात, ताई, तुमची लागते. जुलैपासून मी एकदाही खरी केलेली नाही, पास्टर. एकदाही.”

पास्टरांचा उजवा हात आपोआप वर आला, तिच्या डोक्याकडे. वीस वर्षांची सवय.

“हात नको.”

हात हवेत थांबला, मग त्यांनी तो परत आणून गुडघ्यावर ठेवला, कुठे ठेवायचा ते माहीत नसल्यासारखा.

“आणि आत्ता माझ्यासाठी प्रार्थनाही नको. रेश्माच्या वहीत तर नकोच नको.”

“मग मी काय करू?” त्यांनी विचारलं. वैतागून नाही. त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

“मला एवढंच सांगा. असं असताना मी लोकांसमोर बसते, ती फसवणूक आहे का?”

उत्तर शोधताना पाळकांची नजर दोनदा बायबलाकडे गेली, आणि दोन्ही वेळा त्यांनी ती परत आणली, हे मी त्यांच्या नावावर जमा करतो.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

त्यावर उत्कर्षाचे खांदे खाली आले. शुक्रवारी तीनपासून पहिल्यांदा. मी दार ओढून घेतलं आणि खुर्ची उचलून पार स्वयंपाकघराच्या मागे नेऊन ठेवली. म्हणून पुढचं मला माहीत नाही. तो तास नऊला संपला नाही एवढं माहीत आहे.

नऊला रेश्मा तेलाची बाटली घेऊन आली, मागे दहा जण. मी कचेरीच्या वाटेवर उभा राहिलो.

“अजून आत आहेत.”

“पण काका, नऊ वाजले. तक्त्यावर आहे.”

“तक्ता काल संपला.”

पावणेदहाला दार उघडलं. उत्कर्षा कुणाकडे न बघता खोली नंबर तीनमध्ये गेली आणि आतून कडी लावली. पास्टर मंदिराच्या पायरीवर आले. डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता.

“उत्कर्षाताई फेब्रुवारी संपेपर्यंत केंद्रात बसणार नाहीत. मीच त्यांना तसं सांगितलंय, केंद्रालाही मीच कळवीन. मार्चमध्ये परत बसायचं की नाही ते त्या ठरवतील. तोपर्यंत दर शनिवारी तासभर मी त्यांना भेटणार आहे, आणि बोलणार त्या आहेत.”

अकरा चेहरे. प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच हिशेब, माझं काय.

“माझी पाच तारखेची वेळ आहे,” अमोल म्हणाला.

“होती,” पास्टर म्हणाले.

रेश्माने वही उघडली. “प्रार्थनेचा विषय काय लिहू?”

“काही लिहू नकोस.”

“आजारी आहेत असं तरी?”

“आजारी नाहीत.”

“मग कारण?”

“ते मला माहीत आहे. तेवढं पुरे.”

“पण पास्टर, कारण माहीत नसताना प्रार्थना करायची कशी?” रेश्माने हे अगदी मनापासून विचारलं. सचिव म्हणून बावीस वर्षांत तिच्यावर अशी वेळ आली नव्हती. पास्टर म्हणाले, नाव घे आणि थांब. तिला ते पटलं नाही, पण तिने पेनाला टोपण लावलं.

उपासना झाली. निघायच्या आधी सगळे खोली नंबर तीनसमोर गोळा झाले, बाहेरून तरी प्रार्थना करतो म्हणून. मी दाराला पाठ लावून बसलो होतो.

“ती झोपलीय.”

“हळू करतो.”

“मनात करा.”

“मनात?” रेश्मा असं म्हणाली, जसं काही मी तिला धरण पोहून जायला सांगितलं होतं.

पण त्यांनी केली. अकरा जण खोलीसमोर माना खाली घालून उभे, आवाज नाही, विषय नाही. दीड मिनिट टिकलं. मधे अमोलने एक डोळा उघडून इतर करतायत का ते बघितलं. कुणाच्या मनात काय चाललं होतं त्याची नोंद माझ्याकडे नाही. अर्ध्यांनी तरी स्वतःचंच सांगितलं असेल. सांगू देत. तिथे वेळ घ्यावी लागत नाही.

मिनीबसमध्ये चढताना पास्टर माझ्यापाशी थांबले. सकाळचा राग अजून थोडा होता, तो त्यांनी लपवला नाही.

“काका, तुम्ही आत यायला नको होतं.”

“नव्हतंच यायला पाहिजे.”

“मंगळवारी बिशपांना फोन करतो. माझ्याबद्दल.”

“करा. तासभर मागा. त्यांनी शिबिर ठेवलं तर इकडे पाठवू नका.”

ते हसले नाहीत, पण गाडीत बसल्यावर खिडकीतून हात केला.

उत्कर्षा चार वाजता उठली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन बसली, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. लीलाबाईंनी भात, आमटी आणि सुकट वाढली. मीही माझं ताट घेऊन बसलो. समोर भाताची खाचरं कापून झालेली, बगळे हिंडत होते. कुणी डोळे मिटले नाहीत, कुणी प्रार्थना केली नाही, ती सरळ जेवायला लागली.

लीलाबाईंनी तोंड उघडलं. सुनेचं असणार, दुपारी शंभूचा फोन येऊन गेला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि सुकटीचा डबा उगाच पुसला. माझ्याही जिभेवर काही होतं, ते मी भाताबरोबर गिळलं. पाच मिनिटं गेली. दोघांनाही ती जड गेली, मला थोडी जास्तच.

उत्कर्षाने भाताचा घास आमटीत बुडवला, खाल्ला, आणि ताटाकडे बघितलं.

“लीलाबाई, आमटीत मीठ कमी आहे.”

तीन दिवसांत तिने कुणाला काही कमी असल्याचं सांगितलं नव्हतं.

“मंग घ्या की वरनं,” लीलाबाई म्हणाल्या, आणि मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली.